इमेजिंग सायटोमीटर: दिवाळीपासून आजवरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या लॅबमध्ये प्लेट वाचणारा इमेजिंग सायटोमीटर आला, म्हणजे प्लेटच्या छोट्या खळग्यांतल्या (वेलमधल्या) पेशींचे फोटो काढून एकेक पेशी मोजणारं यंत्र. तेव्हापासून त्यावर जवळपास रोज हात असतो. बडोद्यातल्या ओळखीच्या एक-दोन लॅब ‘घ्यावा का?’ म्हणून विचारतायत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू आहे.

फ्लो सायटोमीटर (पेशी एकामागून एक लेझरसमोरून वाहवत मोजणारं यंत्र) असताना हा कशाला? वेगाच्या बाबतीत हा फ्लोच्या जवळपासही नाही. रक्ताचे नमुने असतील किंवा लाखात एखादी पेशी शोधायची असेल, तर सरळ फ्लो वापरा. पण फ्लोमध्ये ग्राफवरचा ठिपका ठिपकाच राहतो. इथे त्यावर क्लिक केलं की ती पेशीच समोर येते. ही कल्पना काही आजची नाही. साठच्या दशकात फ्लोची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक, लुई कामेन्त्स्की, यांनीच १९९१ मध्ये लेझर स्कॅनिंग सायटोमीटर मांडला होता.

आमचं काम एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर, केमोच्या औषधांनी डीएनए तुटतो का हे बघायचं. त्याची खूण म्हणजे गॅमा-एच२एएक्स, चमकणाऱ्या अँटिबॉडीने दिसणारं एक प्रथिन: डीएनएचे दोन्ही धागे तुटले की त्या जागी केंद्रकात बारीक ठिपके उमटतात. औषधाचा डोस वाढवला तशी एकूण चमक झपाट्याने वाढली आणि सर खूश. सर्वांत जास्त चमकणाऱ्या पेशी उघडून पाहिल्या तर ठिपके नव्हतेच, अख्खं केंद्रक एकसारखं पेटलेलं आणि आक्रसलेलं. त्या मरायला लागलेल्या पेशी होत्या. अपॉप्टोसिसमध्येही (पेशी स्वतःला संपवते तेव्हाही) हा सिग्नल येतोच. नुसती एकूण चमक मोजली असती तर मरण आणि नुकसान एकाच खात्यात जमा झालं असतं. आता आम्ही ठिपके वेगळे मोजतो आणि अशी केंद्रकं आकारावरून बाजूला काढतो. माझ्या मते यंत्राचे पैसे इथेच वसूल झाले.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे डॅपीवरून (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावरून) पेशीचक्र. जी२ (विभाजनाची तयारी) आणि मायटोसिस (प्रत्यक्ष विभाजन) यांतल्या पेशींत डीएनए सारखाच, दुप्पट, म्हणून एकूण चमकही सारखीच. पण मायटोसिसमध्ये क्रोमॅटिन (प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए) घट्ट होतं आणि सर्वांत उजळ पिक्सेलची किंमत वर जाते. या दोन आकड्यांचा ग्राफ काढला की वेगळी अँटिबॉडी न लावता मायटोसिसचा घोळका वेगळा दिसतो. ‘दुप्पट डीएनए’च्या जागेवर क्लिक करून पाहा मात्र: चिकटून बसलेली दोन जी१ (डीएनए दुप्पट होण्याआधीची) केंद्रकं तिथे हमखास सापडतात.

आता तक्रारी. मायटोसिसमध्ये पेशी गोल होऊन तळ सोडतात आणि धुण्यात वाहून जातात. पेशींना मायटोसिसमध्येच अडकवणाऱ्या पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधात तर ज्या पेशी मोजायच्या त्याच सिंकमध्ये. उपाय: मीडियम काढू नका, त्यातच तेवढंच ८ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड (पेशी जागीच पक्क्या करणारं रसायन) घाला, आणि धुण्याआधी प्लेट हलक्या वेगाने सेंट्रिफ्यूज करा. डॉक्सोरुबिसिन वापरत असाल तर तांबड्या चॅनेलमधली (त्या रंगाच्या फोटोतली) चमक औषधाचीच असू शकते. अँटिबॉडी फार-रेडमध्ये (त्याहून पलीकडच्या तांबड्या चॅनेलमध्ये) न्या. कडेच्या वेल लवकर सुकतात, आम्ही त्यांत पेशी न घालता नुसतं पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरतो.

फोटोच्या कडा मधल्या भागापेक्षा अंधाऱ्या येतात. ते दुरुस्त केलं नाही तर कडेच्या पेशींत डीएनए कमी असल्यासारखं वाटतं आणि ग्राफवरचं जी१चं शिखर पसरतं. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती, पण बंद करून ठेवलेली! डेमोत कोणी अवाक्षर काढलं नाही.

बडोद्याचा उन्हाळा वेगळाच. खोलीचा एसी बंद ठेवून गेलं की सकाळी यंत्र तापलेलं आणि फोकस सरकत राहतो. एसी लावून तासभर थांबल्याशिवाय आम्ही प्लेट ठेवत नाही. यूपीएस तर हवाच. स्कॅन अर्ध्यात तुटला की ठरावीक वेळेने काढलेल्या फोटोंची मालिका वाया.

जागेचा अंदाजही आधी घ्या. २०४८ बाय २०४८चा १६-बिट फोटो साधारण ८ एमबीचा. ९६ वेल, प्रत्येकी ९ जागा, ४ चॅनेल, म्हणजे एका प्लेटला २९ जीबीच्या आसपास. हार्ड डिस्कचं बजेट कोटेशनमध्ये कोणी दाखवत नाही.

कंपनीचं सॉफ्टवेअर चटपटीत आहे, पण लायसन्स एकाच संगणकावर चालतं, त्यामुळे दुपारी रांग. आम्ही फोटो बाहेर काढून सेलप्रोफायलर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोजतो. ते फुकट आहे आणि पाइपलाइन (मोजणीच्या पायऱ्यांची यादी) जपून ठेवता येते, म्हणजे सहा महिन्यांनीही तीच मोजणी पुन्हा करता येते. शिकायला आठवडा-दोन आठवडे जातात.

घ्यायचं ठरवलंत तर कंपनीच्या तयार स्लाइडवरचा डेमो मानू नका. स्वतःची, गच्च वाढलेली, जरा घाणेरडीच प्लेट घेऊन जा आणि त्यांच्यासमोर जी१चं शिखर काढायला लावा. एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दुसऱ्या वर्षापासूनचे दरही सहीआधी लेखी घ्या.