जुना कोड सांभाळायचा की नवीन प्रोजेक्ट घ्यायचा?

नवीन प्रोजेक्ट म्हणजे मजाच, रिकामा फोल्डर, आवडती भाषा, मॅनेजरही खूश, पण खरं सांगू का, मी जे काय शिकलो ते जुन्या कोडमधूनच. एकदा दोन दिवस एक बग शोधत बसलो, शेवटी गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं तर ती ओळ माझीच निघाली, तीन वर्षांपूर्वीची! नव्यात हे कळतच नाही, तोवर आपण दुसऱ्या टीममध्ये पळालेलो असतो. साइन्ड ३२ बिटांत (अधिक-उणे दोन्ही आकडे ठेवणाऱ्या ठरावीक जागेत) १९७० पासूनचे सेकंद मोजणारा कोड १९ जानेवारी २०३८ ला गंडणार, कारण आकडा त्या जागेत मावणारच नाही, ते निस्तरायला जुनं वाचणारेच लागतील ना. फक्त प्रमोशनला नवीन फीचरवाला पुढे जातो, आणि सिस्टीम पडू न देणाऱ्याला विचारतात, वर्षभर केलंस काय?