पॉवर बटण हायबरनेटवर ठेवून अख्खा उन्हाळा काढला: अनुभव

दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेलाय म्हणून सांगितलं आणि अडीच हजार मागितले. तक्रार एवढीच होती की कॉम्प्युटर मधूनच बंद होतो. आमचा टॉवर टेबलाखाली असतो आणि बटण त्याच्या वरच्या अंगाला आहे. पावती पुस्तकांचा गठ्ठा त्यावर टेकला की बटण दाबलं जायचं. स्क्रीनवर 'शटिंग डाऊन' हे शब्द दिसत होते. एसएमपीएस बिघडला असता तर मशीन असा शब्द लिहून बंद झालं असतं का? मी पैसे दिले नाहीत, मशीन उचलून अमळनेरला घरी आणलं.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथे शटडाऊन होतं, मी स्लीप केलं. मार्चअखेरपर्यंत मी सगळ्यांना स्लीपच सांगत होते. कापसाच्या खरेदीचा हिशेब टॅलीत अर्धा भरलेला असो, बटण दाबलं की मशीन शांत, पुन्हा दाबलं की दोन सेकंदांत तीच नोंद समोर.

एप्रिल लागला आणि मत बदललं. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, राहतं आणि रॅमला वीज लागते. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, यूपीएसची बॅटरी म्हातारी, आणि सासूबाईंची सवय अशी की "लाइट गयी!" म्हणत आधी कॉम्प्युटरचं बटण, मग बोर्डावरची सगळी बटणं बंद. त्यांचं बरोबरच आहे, लाइट परत येताना दाब वर-खाली होतो. पण स्लीपमधलं मशीन बोर्डावरून बंद केलं आणि हायब्रिड स्लीप (स्लीपमध्ये जाताना डिस्कवरही प्रत ठेवणारी सोय) चालू नसेल, तर सेव्ह न केलेलं सगळं जातं. आमची दिवसभराची वजनं आणि भाव असेच गेले.

मग हायबरनेट केलं. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं, त्यामुळे वायर काढली तरी हरकत नाही. यादीत पर्याय दिसत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑन' (powercfg /h on) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. आठ जीबी रॅमच्या आमच्या मशीनवर त्यासाठी सी ड्राइव्हमधली साधारण तीन जीबी जागा गेली. स्लीपपेक्षा सुरू व्हायला वेळ लागतो, पण एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असल्याने तो जाणवत नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर मात्र पंखा थांबेपर्यंत धीर धरावा लागतो.

घरात सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: बटण टिचकीएवढंच दाबायचं. चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की सेटिंग काहीही असो, मशीन जागीच बंद पडतं. ही सोय मदरबोर्डातच असते, विंडोजमधून ती बदलता येत नाही. सासूबाई आधी अंगठा रोवूनच धरायच्या. आता टिचकी मारतात, टॉवरचा दिवा विझेपर्यंत तिथेच उभ्या राहतात आणि मगच बोर्डाकडे वळतात. मे महिन्यात एकही नोंद गेली नाही.

अपडेट हायबरनेटने पूर्ण होत नाहीत, म्हणून रविवारी रिस्टार्ट देते. पावती पुस्तकं अजून टॉवरवरच असतात. गठ्ठा टेकला तरी आता नुकसान काहीच नाही, पुन्हा बटण दाबायचं आणि अडलेली नोंद पुढे भरायची.