ऑफिसात सेन्सरचा अलार्म: मर्यादा बदलावी, मनगटावर घ्यावा की गप्प करावा?

मीटिंग चालू आहे आणि सीजीएमचा, म्हणजे त्वचेवर लावून सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा, अलार्म वाजतो. सगळे वळून बघतात. असं चार-पाच वेळा झालं की माणूस अलार्मच बंद करून टाकतो, आणि तिथेच खरा धोका सुरू होतो. पर्याय बरेच आहेत, पण ते एकमेकांची जागा घेत नाहीत. कुठला निवडायचा हे तुम्ही कोणतं औषध घेता आणि काम काय करता, यावर ठरतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची शुगर कामात अचानक लो होऊ शकते. फक्त मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला ती भीती फार कमी, त्यामुळे त्याला बरीच मोकळीक आहे.

मर्यादा बदलणे की आवाज बंद करणे

बहुतेकांचा हात आधी आवाजाकडे जातो. आमच्या मते आधी मर्यादांना, म्हणजे ज्या आकड्याला अलार्म वाजतो त्यांना, हात घालावा, कारण दिवसातले बरेचसे अलार्म हाय शुगरचे असतात आणि त्यांवर त्या क्षणी काहीच करायचं नसतं. हाय अलार्म १८० वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे आकडेही त्यातलेच) ठेवला तर जेवणानंतर तो जवळपास रोज वाजणार. त्यातून आणखी एक वाईट सवय लागते: वाजला की इन्सुलिन टोचायचं. झटपट काम करणारं इन्सुलिन ३ ते ५ तास शरीरात राहतं. आधीचा डोस उतरलेला नसताना दुसरा घेतला की दोन तासांनी लो शुगरचा अलार्म ठरलेला. कामाच्या वेळेत हाय २५० च्या आसपास नेणं, डॉक्टरांशी बोलून, हा सगळ्यात स्वस्त उपाय. डेक्सकॉम जी७ या सीजीएममध्ये हायचा पहिला अलार्म उशिरा वाजवण्याची सोय आहे, आणि ऑफिसच्या वेळेसाठी अलार्मची वेगळी प्रोफाइलही करता येते. शुगर वेगाने चढतेय हे सांगणारा अलार्म तर बिनधास्त बंद करा.

लो शुगरच्या बाबतीत मात्र उलटं वागायचं. मर्यादा खाली नेऊ नका, थोडी वर न्या. हिशेब साधा आहे. शुगर मिनिटाला २ मिलिग्रॅमने उतरत असेल, तर ७० वरून ५५ ला पोचायला साडेसात मिनिटं लागतात, ८० वरून साडेबारा. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून रक्तापेक्षा ५-१० मिनिटं मागे असतो. म्हणजे ७० चा अलार्म वाजेपर्यंत हातात वेळ जेमतेम उरतो. डेक्सकॉमचा ५५ चा तातडीचा अलार्म सेटिंगमधून कायमचा बंद होत नाही आणि ऑफिसात लाज आणतो तो बहुधा तोच. ८० ला व्हायब्रेशन आलं, खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात टाकल्या, की ५५ ची वेळ सहसा येतच नाही.

एक चूक इथे वारंवार होते. १५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावरही सेन्सर काही वेळ लो शुगरच दाखवत राहतो, अलार्म परत वाजतो आणि माणूस परत खातो. १५ मिनिटं थांबा, मग बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर बघा.

फोनचं व्हायब्रेशन की घड्याळ

फोन लाकडी टेबलावर ठेवला तर व्हायब्रेशनची घरघर रिंगटोनपेक्षा वाईट ऐकू येते. पर्समध्ये किंवा ड्रॉवरमध्ये ठेवला तर कळतच नाही. खिशात, अंगाला लागून असेल तरच हा पर्याय कामाचा. वर्गात शिकवणारे, काउंटरवर बसणारे, सतत मीटिंगमध्ये असणारे यांच्यासाठी घड्याळ सरस. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. घड्याळ जोडलं म्हणून फोन गप्प बसत नाही, त्याचा आवाज वेगळा बंद करावा लागतो. आणि आयफोन हातात उघडा असेल, तर सूचना त्याच्यावरच येते, ॲपल वॉचवर नाही. यंत्रांच्या धडधडाटात, थरथरणाऱ्या अवजारावर हात असताना मनगटावरचा ठोका जाणवत नाही. तिथे मोठा आवाजच हवा, लाज बाजूला ठेवून.

पूर्ण गप्प करणे

जी७ वर सगळे अलार्म ६ तासांपर्यंत गप्प करता येतात, ५५ चा तातडीचासुद्धा. लिब्रे २ या दुसऱ्या सीजीएमवर सगळे अलार्म बंदच ठेवता येतात. मुलाखत, परीक्षा, कोर्टातली सुनावणी अशा तासा-दोन तासांसाठी हे ठीक, तेही आधी शुगर बघून आणि ती स्थिर असेल तर. ज्यांना लो झाल्याची लक्षणं कळत नाहीत, जे गाडी चालवतात, उंचावर किंवा यंत्रावर काम करतात, त्यांनी हा पर्याय विसरावा.

घरच्या कुणाला किंवा शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला फॉलोअर केलं, म्हणजे तुमची शुगर त्यांच्या फोनवर दिसेल असं केलं, तर थोडा आधार मिळतो. पण तुमच्या फोनला इंटरनेट नसेल तर त्यांना काहीच दिसत नाही.

फोन लॉकरमध्ये ठेवावा लागत असेल तर वेगळा रिसीव्हर किंवा रीडर (फोनऐवजी सेन्सरचे आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लागेल. फोन सेन्सरपासून दूर गेला की सिग्नल तुटल्याचा अलार्म लॉकरमध्येच वाजत राहतो. लिब्रे २ चा सेन्सर ॲपने सुरू केला तर रीडर त्याला जोडता येत नाही, म्हणून सुरुवात रीडरनेच करा. नवा सेन्सर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लावा. पहिल्या दिवशी आकडे इकडेतिकडे जातात आणि खोटे अलार्म तेव्हाच जास्त येतात.

जे ठरवाल ते घरी तपासून घ्या. शुगर १४० असताना हायची मर्यादा १२० करा, फोन सायलेंटवर टाका, आणि काही मिनिटं थांबा. मग हीच चाचणी हेडफोन लावून, मग घड्याळासह. कुठे काय वाजतं, काय नुसतं थरथरतं आणि काय अजिबात पोचत नाही हे लिहून घ्या आणि मर्यादा परत जागेवर न्या.