दादरचा टॅली-जीएसटी क्लास : एकोणचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी धरणाऱ्याचा अभिप्राय

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरणाऱ्या टॅली (हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर) आणि जीएसटीच्या क्लासला मी गेल्या वर्षी चार महिने जात होतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांसाठी आखलेला हा अभ्यासक्रम चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिली नोकरी शोधणाऱ्या माणसाला कितपत उपयोगी पडतो, हे मला प्रवेश घेण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवे होते, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितो आहे. क्लासचे नाव देत नाही. दादर-ठाण्यात असे क्लास बरेच आहेत आणि पारखून घ्यायच्या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मी २००७ साली बी.कॉम. झालो आणि खर्चापुरत्या शिकवण्या घेत राज्यसेवेचा अभ्यास करत राहिलो. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ वर नेली गेली, तेव्हा अभ्यासिकेत आम्ही पेढे वाटले होते. त्या वाढीव पाच वर्षांचा मी एकेक दिवस वापरला, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो आणि २०२४ मध्ये वय संपले. माझ्या वर्गातली मुले तोवर बँकांत आणि कंपन्यांत वरच्या जागांवर गेली होती, आणि माझ्याकडे मात्र पदवीनंतर कसला म्हणून अनुभवाचा दाखला नव्हता.

क्लासची फी चोवीस हजार होती आणि ती दोन हप्त्यांत घेतली गेली. बॅच शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी असे. आम्ही अठरा जण होतो आणि माझ्यानंतरचा सर्वांत मोठा मुलगा पंचवीस वर्षांचा होता. पहिल्या आठवड्यात मुले मला ‘काका’ म्हणत, महिन्याभरात ‘दादा’ म्हणू लागली. शिकवणाऱ्या मॅडम मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांनाच ‘अहो’ म्हणत आणि चुकले तर सगळ्यांनाच सारख्या शब्दांत सुनावत. वयाकडे बघून कोणी सांभाळून घेत नाही, याचा मला फार आधार वाटला.

या क्लासची खरी किंमत मॅडमच्या शिकवण्यात आहे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी चार तारखा लिहून ठेवल्या होत्या आणि चार महिन्यांत त्या एकदाही पुसल्या नाहीत : ७ तारखेला टीडीएसचा (देण्याच्या रकमेतून आधीच कापलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र), १४ ला २बी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून आपोआप बनणारी खरेदीवरच्या कराची यादी) तयार, २० ला ३बी (महिन्याचा कर भरण्याचे विवरणपत्र). आज फोर्टमधल्या एका सी.ए.च्या कार्यालयात काम करताना माझा महिना याच चार तारखांवर चालतो. टॅलीतल्या नोंदींच्या (व्हाउचरच्या) कीबोर्डवरच्या कळा, म्हणजे एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, कोणीही चार दिवसांत पाठ करील; परंतु कोणते काम कोणत्या तारखेच्या आत झाले नाही तर कोणाला भुर्दंड बसतो, हे शिकवणारा माणूस मिळणे कठीण असते.

एक प्रसंग सांगतो. मॅडमनी आम्हाला खरेदीदार-पुरवठादारांची नावे खोडलेली जुनी बिले आणि त्याच महिन्याच्या २बीची प्रत देऊन दोन्ही जुळवायला सांगितले होते. एक लाखाच्या मालावरचा अठरा हजारांचा कर २बीमध्ये दिसतच नव्हता, आणि पुरवठादाराने विवरणपत्रात दाखवलेला व २बीत उतरलेला करच खरेदीदाराला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या देय करातून वजा करून, घेता येतो. मी पाऊण तास रकमा तपासत बसलो. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, रकमा सोडा, नंबर वाचा. डावीकडून, एकेक अंक.’ अक्षरे आणि अंक मिळून पंधरा स्थानांच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि पुढची दहा स्थाने म्हणजे पॅन. बिलातल्या खरेदीदाराची नोंदणी महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये, दोन्हीकडे होती. पॅन एकच असल्यामुळे मधली दहा स्थाने तंतोतंत सारखी होती, आणि पुरवठादाराने २७ ऐवजी २४ ने सुरू होणारा क्रमांक टाकला होता. पुरवठादाराकडून पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते, हे त्या दिवशी कळले. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात हीच चूक एका खऱ्या बिलात माझ्या नजरेस पडली.

संगणकांबाबत मात्र मी समाधानी नाही. निम्म्या यंत्रांवर टॅली शैक्षणिक (विनापरवाना) मोडमध्ये चालत असे आणि त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात. बँक स्टेटमेंट जुळवण्याचा सराव अशा तारखांवर होऊच शकत नाही, कारण चेक दिल्याची आणि वटल्याची तारीख यांतला फरक हाच त्या कामाचा गाभा आहे. परवाना असलेल्या यंत्रावर बसायला मिळावे म्हणून मी शनिवारी अर्धा तास आधी पोहोचू लागलो.

सर्वांत गंभीर तक्रार ‘शंभर टक्के नोकरीसाठी साहाय्य’ या आश्वासनाविषयी आहे. ते काम पाहणाऱ्या तरुणाने मला बायोडेटामधून जन्मतारीख आणि पदवीचे वर्ष काढून टाकायला सांगितले, आणि मधल्या वर्षांत ‘कौटुंबिक व्यवसायात हिशेब सांभाळले’ असे लिहायला लावले. आमच्या घरी कधीच व्यवसाय नव्हता. मी नकार दिल्यावर मला एकाही ठिकाणी पाठवले गेले नाही. ज्या मुलांकडून तुम्ही फी घेता, त्यांना हिशेबाच्या धंद्यात पाऊल टाकतानाच खोटी नोंद करायला शिकवणे मला अक्षम्य वाटते.

नोकरी मी स्वतः शोधली. बायोडेटामध्ये राज्यसेवेची वर्षे जशीच्या तशी लिहिली आणि फोर्ट, मस्जिद बंदर, लोअर परळ अशा भागांतल्या लहान सी.ए. कार्यालयांत प्रत्यक्ष जाऊन दिला. अकराव्या ठिकाणी सरांनी विचारले, ‘तुमच्या वरचा मुलगा चोवीस वर्षांचा असेल, चालेल?’ मी होय म्हटले. त्यांनी समोर एक बँक स्टेटमेंट आणि लेजर (खातेवही) ठेवले आणि तासाभराने येऊन पाहिले. पगार एकोणीस हजार ठरला. त्या मुलाला मी ‘सर’ म्हणतो आणि तो मला ‘दादा’ म्हणतो. पहिला आठवडा जड गेला, पण तो इतके नेटके काम करतो की पुढे तसे वाटले नाही.

माझ्यासारखा कोणी प्रवेश घेणार असेल तर शिकवणीसाठी जरूर घ्यावा, मात्र नोकरीच्या आश्वासनापोटी एक रुपयाही जास्त देऊ नये. बॅचमध्ये परवान्याची यंत्रे किती आहेत ते स्वतः बसून पाहावे, आणि जुळवणीचा सराव खऱ्या बिलांवर होतो का ते विचारावे. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच पाहून ठेवावा. मॅडम बरोबर नऊला सुरू करतात.