पांढऱ्या फरशीची गच्ची: दहा महिन्यांनंतर (मुख्यतः उंबऱ्याबद्दल)

सप्टेंबरातल्या एका रात्री अडीच वाजता जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी खाली येताना दिसलं. २०२५ चा तो पाऊस सोलापूरकर विसरणार नाहीत, टीव्हीवर सीनेच्या पुराच्या बातम्या चालू होत्या. पण आमच्या हॉलमध्ये चपलांच्या रॅकखाली साचलेलं पाणी नदीचं नव्हतं. जानेवारीत नवी फरशी घातलेल्या आमच्याच गच्चीचं होतं. त्याच रात्री हे रागारागात लिहायला घेतलं. मग मधेच राग कुणावर काढायचा तेच बदललं, म्हणून पूर्ण व्हायला नोव्हेंबर उजाडला.

फरशीचं आधी उरकतो. फूट बाय फूट पांढरी उष्णतारोधक टाइल, गच्ची २० बाय ३२, जुना कोबा न फोडता त्यावरच बसवली. टाइलबद्दल तक्रार नाही. मे महिन्यात दुपारी दोनला बायको अनवाणी जाऊन पापड उलटून येते. जुन्या कोब्यावर चप्पल घालूनही उड्या माराव्या लागायच्या. वरच्या खोलीत रात्री पंखा भट्टीसारखा वारा फेकायचा, ते कमी झालं. खोली थंड झाली असं म्हणणार नाही, सोलापूर आहे शेवटी. फक्त चकाकी भयंकर. आई गॉगल लावून कुरडया घालते, समोरच्या घरातल्या पोरांना त्याचं भारी हसू येतं. आणि फरशी धुवावी लागते. धुळीने पांढरी फरशी करडी झाली की ऊन परतवायचं तिचं कामच मंदावतं, आणि आमच्याकडे नळ काही रोज येत नाही. आता कपडे धुतल्यावरचं शेवटचं पाणी बादलीने वर नेतो. व्यायाम समजायचा.

मांडणीही बरी जमली होती. सोलर आणि टाकी एका अंगाला, मधली जागा वाळवणाला मोकळी, कुंड्या लोखंडी स्टँडवर, म्हणजे खालून झाडू फिरतो. कागदावर सगळं काढलं होतं. उंबरा तेवढा काढला नव्हता.

आता उंबरा. गच्चीच्या पश्चिम टोकाला जिन्याची खोली आहे, तिच्या दाराला सहा इंचांचा उंबरा होता. जुन्या कोब्याचा उतार मधून दोन्ही बाजूंना, पूर्वेला एक पाइप, पश्चिमेला एक. पश्चिमेचा बिडाचा पाइप तडकला होता, बदलायचे ५,२०० सांगितले. तो बंद करून सगळं पाणी पूर्वेच्या एकाच पाइपाला न्यायचं ठरलं. उतार धरला शंभराला एक. मधल्या उंचवट्यापासून पश्चिमेची भिंत १६ फूट. तेवढ्या अंतरात जुना कोबा दोन इंच खाली उतरत होता, नवा दोन इंच वर चढवायचा. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला चार इंच भर. त्यावर माल आणि टाइल मिळून सव्वा इंच. सहातून सव्वापाच वजा करा.

पाऊण इंच! घराच्या पडवीला असतो त्याहून कमी.

इंजिनियर भाच्याने वर एक हिशेब ऐकवला. पश्चिमेच्या अर्ध्या गच्चीवर सरासरी दोन इंच भर म्हणजे तीन टनांच्या वर वजन. "मामा, ५,२०० वाचवायला स्लॅबवर तीन टन घातलेत." स्लॅबला काही झालेलं नाही, चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो तो झेलतो म्हणे. पण त्या दिवसापासून झोपताना छताकडे बघायची सवय लागली आहे.

सकाळी मिस्त्रीला फोन केला. कोटेशनवर त्याच्या हाताने 'दहा वर्षे गळती गॅरंटी' लिहिलेलं होतं, ते वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "मालक, ही गळती कुठंय? गळती स्लॅबातनं होती. हे तर दारातनं आलंय." मी चिडलो, उंबरा खाल्लास म्हणालो. तर म्हणे, "तुम्हीच म्हणलाव की, एकच पाइप ठेवा म्हणून." मी साफ नाकबूल केलं. त्याने व्हॉट्सअॅपवरचा माझाच जानेवारीतला आवाज मला परत पाठवला: "तेवढा पश्चिमेचा पाइप बंदच करून टाका, एकच बास." मागे बायकोचा आवाजही येतो, "अहो, विचारून तरी बघा त्याला." ते मी बायकोला ऐकवलेलं नाही.

तरीही माझं म्हणणं आहे की गवंड्याने सांगायला हवं होतं. लेव्हल पाइप त्याच्या हातात, भर घालणारा तो, दारात उंबरा बुडताना त्याला दिसत होता. "मालक, उंबरा जातोय" एवढे तीन शब्द. बाकी काम चांगलं आहे त्याचं, हे कबूल केलं पाहिजे. कठड्याला लागून वाटा (फरशी आणि भिंतीच्या कोनातली सिमेंटची गोलाई) नीट काढला आहे, टाइलांमधल्या सांध्यात जागा सोडली आहे, उन्हाळ्यात एकही टाइल फुगली नाही. पाणी भरून दोन दिवस ठेवलं तेव्हा खाली एक डाग नव्हता. म्हणून त्याला पाचातले चार द्यायला निघालो होतो, तीन देतोय.

ऑक्टोबरात उंबऱ्यावर कडप्प्याची पट्टी बसवून तो साडेतीन इंच केला. १,८०० गेले. पहिल्याच आठवड्यात आईचा अंगठा ठेचाळला, मग माझा, मग गॅस सिलिंडर वर न्यायला आलेल्या मुलाचा. (सिलिंडर गच्चीवर कशाला, हे विचारू नका. दिवाळीचे पदार्थ आम्ही वरच तळतो.)

त्यानंतर एका संध्याकाळी मिस्त्रीचा बिगारी उरलेल्या टाइला न्यायला आला. दारात उभा राहून वर बघत म्हणाला, "मालक, पाणी गच्चीचं न्हाई, त्या पन्हळीचं आलंय." जिन्याच्या खोलीच्या छताची पन्हळ बरोबर दाराशेजारी सुटते. छत ८ बाय १०. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पावणेचारशे लिटरच्या आसपास पाणी एकाच जागी धारेने आदळणार. गच्चीचा उतार तिथून लांब जातो, पण धार आदळून उडालेलं पाणी पाऊण इंचाचा उंबरा सहज ओलांडतं. सहा इंचांचा होता तेव्हा पन्हळ कुणाच्या डोळ्यांतही आली नव्हती. "एक एल्बो लावा आन् धा फुटाचा पाइप घेऊन फुडं सोडा."

साडेतीनशे रुपये. त्याला वर पन्नास चहाला दिले. ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात दारासमोर एक थेंब उडाला नाही.

म्हणजे आता त्या कडप्प्याची गरज नाही. आई रोज म्हणते, काढून टाक. पण १,८०० दिलेत, तो राहणार. कडेला लाल रंगाचा पट्टा ओढला आहे, म्हणजे दिसेल. काल परत ठेचाळलो.