डिझेल ट्रकच्या गिअरबॉक्स-बदलात टॉर्क कन्व्हर्टर: कमी स्टॉल की जास्त, एक डिस्क की तीन?

डिझेल ट्रकला दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचं ठरलं की सगळी चर्चा गिअरबॉक्सवर होते आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. मी आधी कन्व्हर्टर ठरवायला सांगेन. गाडी उचल कशी घेईल आणि चढावर ऑइल किती तापेल, हे बरंचसं त्याच्यावर असतं.

पहिला प्रश्न स्टॉल स्पीडचा. ब्रेक दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर इंजिन ज्या आरपीएमवर अडकून राहतं, तो स्टॉल स्पीड. 5.9 लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनाला कमाल टॉर्क साधारण 1600 आरपीएमला मिळतो. अशा इंजिनाला मूळ मापाचा टर्बो असेल आणि मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर 1600 ते 1900चा कमी स्टॉल घ्या. पाय टेकवला की गाडी निघते, कन्व्हर्टरमधली घसर कमी, उष्णता कमी. टर्बो मोठा बसवला असेल तर मात्र हाच कन्व्हर्टर नडतो: टर्बोला फिरायला पुरेसा एक्झॉस्ट वायू मिळायच्या आधीच इंजिन दबतं, काळा धूर निघतो आणि गाडी जागची हलायला वेळ घेते. तिथे 2200च्या आसपासचा स्टॉल बरा. त्याची किंमत लॉक-अप होईपर्यंतच्या, म्हणजे कन्व्हर्टरमधला क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडेपर्यंतच्या घसरीत मोजावी लागते. भरल्या गाडीने गर्दीत रांगत जाणाऱ्याला ती फार महाग पडते.

कन्व्हर्टरवर लिहिलेला स्टॉलचा आकडा पक्का नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तो इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमूळाप्रमाणे सरकतो. टॉर्क दीडपट केला की 1800चा स्टॉल 2200च्या जवळ जातो. म्हणून विकत घेताना ‘किती स्टॉल’ एवढंच विचारू नका. ‘माझ्या इंजिनाच्या टॉर्कला किती स्टॉल’ असं विचारा.

अदलाबदलीतला सर्वांत मोठा धोकाही इथेच आहे. जीएमचा 4एल80-ई हा गिअरबॉक्स पेट्रोल आणि डिझेल, दोन्ही इंजिनांमागे आलेला आहे. पेट्रोल गाडीतून काढलेला बॉक्स त्याच्याच कन्व्हर्टरसकट डिझेलला लावला, तर तो बसतो, गाडी चालतेही. पण तो कन्व्हर्टर जास्त आरपीएमवर टॉर्क देणाऱ्या इंजिनासाठी बनलेला. डिझेलच्या तळातल्या टॉर्कने त्याचा स्टॉल आणखी वर चढतो. इंजिन ओरडतं, गाडी मागे राहते आणि ऑइल जळतं. बॉक्स पेट्रोल गाडीचा चालेल, कन्व्हर्टर डिझेलचाच हवा.

दुसरा प्रश्न लॉक-अप क्लचचा. माझ्या मते स्टॉलच्या आकड्यापेक्षा याला जास्त वजन द्यावं. इंजिन मूळ ताकदीवर असेल तर चांगला रिबिल्ड केलेला एक डिस्कचा कन्व्हर्टर पुरतो, लॉक-अपही मऊ लागतो. इंधन वाढवलं असेल तर चढावर टॉप गिअरला कन्व्हर्टर लॉक असताना आरपीएम हळूच वर सरकतात आणि वेग तिथेच राहतो. हा क्लच घसरत असल्याचा इशारा. तीन डिस्कवाल्यात घर्षणाचे पृष्ठभाग जास्त, त्यामुळे पकड कितीतरी अधिक. त्यासोबत बिलेटचं, म्हणजे धातूच्या सलग ठोकळ्यातून कोरलेलं पुढचं कव्हर घ्या. पत्र्याचं मूळ कव्हर दाबाखाली वाकतं आणि डिस्क सगळीकडे सारखी टेकत नाही. पण घसरणारा क्लच इतके दिवस जो झटका गिळत होता, तो आता पुढे इनपुट शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये ताकद नेणाऱ्या दांड्यावर जातो. डॉजच्या 47आरई गिअरबॉक्समध्ये मूळ शाफ्ट तसाच ठेवून तीन डिस्क लावणं आणि लॉक असताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देणं म्हणजे शाफ्ट तोडायची तयारीच. दोन्हींचे पैसे एकदम नसतील तर मी शाफ्ट आधी घेईन.

स्प्लाइनची (शाफ्टवरच्या दात्यांची) संख्या, पायलटचा (कन्व्हर्टरच्या पुढच्या मधल्या खुंटाचा) व्यास, फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीच्या) बोल्टांचं अंतर हे जुळवूनच घ्यायचं, त्यात तडजोड नाही. आधीचा बॉक्स जळून गेला असेल तर कूलरही बदला. त्यात अडकलेला चुरा नवा कन्व्हर्टर बिघडवायला पुरेसा आहे.

बसवताना कन्व्हर्टर फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने आत जातो: स्टेटरचं (कन्व्हर्टरच्या आतल्या ऑइल वळवणाऱ्या चक्राचं) स्प्लाइन, इनपुट शाफ्ट आणि शेवटी गिअरबॉक्सचा ऑइल पंप. शेवटचा टप्पा हाताला ‘टक’ असा लागतो. माझ्या हातून एकदा तोच राहिला. बेलहाऊसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडलं जाणारं पुढचं आवरण) जुळत नव्हतं, म्हणून बोल्टांनी ओढून जुळवलं. इंजिन सुरू होताच पंपाचा गिअर फुटला आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं. बेलहाऊसिंग हाताने इंजिनला टेकलं पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरून फ्लेक्सप्लेटपर्यंत साधारण 3 ते 5 मिमी पुढे ओढता आला पाहिजे. ते अंतर मोजल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नका.