रिकामी ट्रॉली घेऊन जाऊ नका

ट्रॉलीला रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावून देणाऱ्या या दुकानाला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं येईलच.

दुकान सांगली जिल्ह्यात, पलूसकडनं भिलवडीला येताना रस्त्यालाच आहे, पंक्चरवाल्याला लागून. पाटी आहे, पण पाटीवर दुकानाचं नाव नाही. लाल अक्षरात नुसतं 'रेडियम'. आत एक कटिंगचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या रोलच्या नळकांड्या, आणि 'आई-बाबांचा आशीर्वाद'चे पंधरा-वीस नमुने. मालकांना सगळे आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मी ऊस वाहतूक करतो. एक 50 एचपीचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, चौदा बाय साडेसहा फुटाच्या. घरात चार म्हशी आहेत, त्यामुळं पहाटे मोटारसायकलला कॅन अडकवून डेअरीला जाणं ही माझी दुसरी ड्यूटी. दुकानाशी माझा संबंध आला तो या दुसऱ्या ड्यूटीमुळं.

जानेवारी 2024. कृष्णाकाठचं धुकं ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पावणेपाच वाजले असतील. समोरनं एक चारचाकी अप्पर मारत आली. डोळ्यापुढं सगळं पांढरं झालं. मी वेग कमी केला, पण किती? पन्नासचा पस्तीस केला असेल. गाडी शेजारनं गेली आणि पांढऱ्याचं एकदम काळं झालं. त्या काळ्यातनं हेल्मेटच्या काचेवर फाडकन काहीतरी बसलं. उसाचा शेंडा! दोन्ही ब्रेक दाबले, गाडी आडवी झाली, एक कॅन सुटून गडगडत गेला. मी उठून बघतोय तर पुढचं चाक ट्रॉलीच्या मागं लोंबणाऱ्या उसाखाली शिरलेलं. भरलेली डबल ट्रॉली भर रस्त्यात उभी. टायर फुटलेला, चाकाला दगड लावलेले, मागं लाईट नाही, फांदी नाही, काही नाही. ड्रायव्हर पुढं ट्रॅक्टरच्या सीटवर कानटोपी ओढून झोपलेला, आणि टेपवर गाणं चालू.

हेल्मेट नसतं तर तो शेंडा डोळ्यात गेला असता. बारा लिटर दूध गेलं. गुडघा सोलला, तो महिनाभर पुरला.

मी त्या पोराला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तशीच एक डबल ट्रॉली त्या वेळेला माझ्या दारात उभी होती. घरी येऊन पहिलं काम म्हणजे मोबाईलची बॅटरी पेटवून तिच्या मागं गेलो. हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्याच्या गेटवर फुकट मिळालेल्या पट्ट्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर, चिकटवल्या होत्या. अर्ध्या सोलल्या होत्या, उरलेल्यांवर मळ बसून चामड्यासारखा थर झालेला.

त्या दिवशीच तालुक्याच्या स्टँडजवळच्या एका दुकानातनं दहा रुपये फूट दरानं लाल पट्टी आणली. दिवसा अशी चकाकायची की लग्नाचा मांडव वाटावा. रात्री बॅटरी मारली तर काळी ठिक्कर. हे मला आबांकडं गेल्यावर कळलं: चकाकणारी पट्टी वेगळी आणि उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवणारी पट्टी वेगळी. त्यांनी सांगितलेली परीक्षा तुम्हीही करून बघा. मोबाईलची बॅटरी डोळ्याच्या शेजारी, कानशिलाला लावून धरायची आणि पंचवीस-तीस पावलांवरनं पट्टीकडं बघायचं. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते. बॅटरी कमरेला धरली तर तीच मंद वाटते, कारण उजेड तुमच्या कमरेकडं परत जातो, डोळ्याकडं नाही. मोटारसायकलवाल्याचं हेडलाईट आणि डोळे जवळजवळ एका रेषेत असतात, म्हणून त्याला ती लांबनं दिसते.

आता मुख्य गोष्ट. मी पहिल्यांदा रिकाम्या ट्रॉल्या घेऊन गेलो. आबांनी एक फेरी मारली, फाळक्यावर हात फिरवला आणि विचारलं, "पाव्हणं, भरलेली कधी आणताय?"

म्हटलं, भरलेली कशाला? पट्टी लोखंडाला लावायची आहे, उसाला नाही.

"मग लोखंड दिसतं का भरल्यावर?"

मी गप्प. बावीस वर्षं ऊस वाहतोय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मोळ्या लांबीनं रचतात. फाळक्याच्या मागं दोन-अडीच फूट ऊस बाहेर येतो आणि खाली लोंबतो. म्हणजे रिकामी जाताना ट्रॉली झगमगते आणि बावीस टन घेऊन रांगत असते तेव्हा तिची पाठ अंधारात. पट्टी लावून घेतल्याचं समाधान आपल्याला, उपयोग कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी फडातनं भरून थेट दुकानापुढं उभी केली. याचा तोटाही सांगतो: कारखान्याच्या यार्डातला माझा नंबर गेला, पुढची सगळी रात्र लायनीत काढली, आणि ऊस जितका वाळतो तितकं काट्यावर वजन घटतं. तेव्हा जाणार असाल तर सकाळी जा, माझ्यासारखं दुपारी दोनला नको.

आबांनी लावलेली पट्टी दोन इंची, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी, आणि ठराविक अंतरावर एआयएस-090 असा छाप, म्हणजे गाड्यांच्या अशा पट्ट्यांचं मानक. हा छाप बघूनच घ्या, गाडी पासिंगला नेली तरी तोच विचारतात. पुढच्या तोंडाला पांढरी, दोन्ही बाजूंना पिवळी, मागं लाल, हा नियमच आहे. खरी अक्कल ती कुठं लावायची यात आहे. मागची लाल त्यांनी फाळक्यावर लावलीच, पण त्याशिवाय खाली चासीच्या आडव्या पट्टीवर लावली, उसाच्या शेंड्यांच्याही खाली. वर मोळ्यांपाशी लावा म्हटलं तर हसले. डिपरचा उजेड जमिनीकडं असतो, कमरेच्या वर फारसा चढत नाही. दहा फुटावर लावलेली पट्टी समोरच्यानं अप्पर मारला तरच दिसणार. म्हणून जे काही लावायचं ते कमरेच्या आसपास किंवा खाली.

उसावर लोंबत सोडायला एक कापड देतात, कडेनं पट्टी शिवलेलं, चार कोपऱ्यांना नाड्या. प्रत्येक खेपेला भरून झालं की बांधायचं, खाली केलं की सोडायचं. कापड दोन्ही ट्रॉल्यांना लागतं असं नाही, मागचीला तर हवंच, पण खराब होतं म्हणून मी दोन घेतली.

आणि दांडा! पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीमधला जोडदांडा. तिथं पिवळी पट्टी गुंडाळताना मी विचारलं, ही कशाला वाया? तर म्हणाले, पाणंदीतनं मोटारसायकलवाला मुख्य रस्त्याला येतो, ट्रॅक्टर गेला, एक ट्रॉली गेली, त्याला वाटतं झालं, गेलं. तो गाडी घालतो आणि मधल्या अंधारातनं दुसरी ट्रॉली येते. मला हे ऐकताना अंगावर काटा आला, कारण दोन वर्षांपूर्वी अंकलखोपच्या बाजूला आमच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा पोरगा असाच दांड्यापाशी येऊन थांबला होता. चार बोटांचं अंतर. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी पोराला झापलं होतं.

हिशेब असा: पट्टी 86 फूट, 30 रुपये फूट, म्हणजे 2,580. कापडं दोन, 700. मजुरी 400. एकूण 3,680. घासाघीस करून बघितली, ऐंशी रुपये सोडत नाहीत. त्याऐवजी दोन लाकडी ठोकळे दिले, चाकाला लावायचे, उरलेली पिवळी पट्टी मारलेले, आणि दोन्हीला दोरी. दोरी ट्रॉलीच्या कडीला बांधायची. का, तर पंक्चर काढून झालं की आपण निघतो आणि दगड रस्त्यात राहतात. दुसऱ्या दिवशी त्या दगडावरनं कोण घसरला ते आपल्याला कधी कळत नाही. दोरी असली की ठोकळा आपोआप मागनं फरफटत येतो, आवाज करतो, ड्रायव्हरला उतरावंच लागतं. सगळ्या खरेदीत मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच, आणि ती फुकट मिळाली.

काम निगुतीनं करतात. आधी रॉकेलनं पुसलं, मग कोरड्या फडक्यानं, मग अर्धा तास नुसतं वाळू दिलं. थंडीत गोंद धरत नाही म्हणून केस वाळवायचं यंत्र फिरवलं, त्यावर रबरी रोलर दाबला. तेवढ्या वेळात चहा झाला आणि गाऱ्हाणीही. आबांचा मूळ धंदा नंबरप्लेटचा. सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून तो बसला. आता पोरं 'नाद करायचा नाय' लिहून घ्यायला येतात, तेवढंच. मी म्हटलं, ते माझ्याही ट्रॉलीवर आहे. म्हणाले, "तेच्यापेक्षा मागं लाल लावली असती तर?" गिऱ्हाइकाशी असं बोलतात, तयारीनं जा.

आता तारा कापल्याचं कारण. तीन आठवड्यांत डाव्या बाजूची पिवळी पट्टी सुटायला लागली, बरोबर तिथं जिथं मोळ्या चढवायला शिडी टेकवतात. शिडी रोज घासणार हे आबांच्या लक्षात यायला हवं होतं, दांड्याचं आलं तसं. चार फोन केले, एक उचलला. गेल्यावर मात्र पैसे न घेता नवीन तुकडा लावला, शिडीच्या जागेच्या खाली चार बोटं. पावती देत नाहीत, मागितली तर वहीचा कागद. आणि कापडावर मोठ्या अक्षरात 'सावकास' लिहिलंय. मशीनमध्ये एकदा तसं भरलंय म्हणून सगळ्यांच्या ट्रॉलीमागं 'सावकास'. माझी शाळेत जाणारी पोरगी रोज चिडवते.

पट्टीनं काय होत नाही तेही लिहितो, नाहीतर आबांचा एजंट म्हणाल. अशा बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. दोन्ही ट्रॉल्यांचं वजन उतारावर ट्रॅक्टरला ढकलत असतं आणि थांबवायला फक्त ट्रॅक्टरची मागची चाकं. कॅनॉलच्या चढाला फेब्रुवारीत माझ्याच ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर उचलली. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात, पण चाकं हवेत. मागं एसटी. ड्रायव्हरनं क्लच न दाबता धीर धरला, दोन माणसं बॉनेटवर चढली, ठोकळे चाकामागं गेले आणि आम्ही इंचाइंचानं वर गेलो. एसटी तीस पावलं मागं थांबली होती. एसटीच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं, लाल रेघ खाली मागं सरकल्यासारखी दिसली म्हणून वळणावरच थांबलो. चूक माझी होती. त्या खेपेला फडवाल्यानं 'एवढं राहिलंय, घेऊन टाका' म्हणून दोन टन जास्त टाकला होता आणि मी हो म्हटलं होतं. त्यावर आबांच्या दुकानात काही मिळत नाही.

रात्रीची परीक्षा मी घरच्या रस्त्याला घेतली. ट्रॉली उभी करून मोटारसायकलनं ओढ्यापलीकडं गेलो आणि डिपरवर परत आलो. दोनशे पावलांवरनं लाल रेघ आणि कापडाची चौकट दिसायला लागली. तासाला 50 च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर जाते, म्हणजे ट्रॅक्टरसकट माझ्या दोन्ही ट्रॉल्यांची लांबी. त्या पहाटे मला एवढाही वेळ मिळाला नव्हता. इथं मला गाडी थांबवून तंबाखू मळायला वेळ होता. धुकं मात्र त्या रात्री नव्हतं. धुक्यात अंतर निम्म्याच्याही खाली येतं, ते मी नंतर बघितलं. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसलं नाही तर काळ्या मातीचा चिखल बसून सगळं मुसळ केरात. आमचा ड्रायव्हर पुसत नव्हता. आता डिझेलचे पैसे मागायला आला की मी आधी फडकं देतो.

कापडाबद्दल एक सूचना. यार्डात लायनीला ट्रॉली सोडून चहाला गेलात तर कापड चोरीला जातं. माझं एक मार्चमध्ये गेलं, दुसरं त्यानंतर आठ दिवसांनी. दोनदा 350 दिले. आता आबा कापडावर ट्रॅक्टरचा नंबर मोठा करून लिहून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. नंबरच्या खाली 'सावकास' आहेच.